शिडी घ्यायची, पण कोणती?

काचा पुसण्याच्या धंद्यासाठी शिडी कोणती घ्यावी, हा प्रश्न गेल्या वर्षभरात आमच्याकडे तीनदा आला. एकदा किसननगरच्या दोन भावांनी विचारला. एकदा लोकमान्यनगरच्या एका ताईंनी आपल्या मुलासाठी विचारला. तिसऱ्यांदा तर एका बचत गटाने वही-पेन्सिल घेऊन बैठकच बोलावली. आम्ही पेशाने कारकून. शिडीपेक्षा खातेवहीशी आमचा संबंध जास्त. पण वस्तीत कुणाला अर्ज लिहून हवा असला, बँकेत सोबत हवी असली की लोक आम्हाला हाक मारतात, आणि एकदा हाक मारली की ‘हे आमच्या खात्यातले नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणून आम्ही दुकाने फिरलो, नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात दोन शनिवार घालवले, वर्षानुवर्षे काचा पुसणाऱ्या माणसांशी बोललो आणि काही शिड्यांवर स्वतः चढूनही पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

वागळे इस्टेट म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजूनही पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि या महामंडळाची पहिली वसाहत म्हणून वागळे इस्टेटचे नाव घेतले जाते. इथल्या रस्त्यांची ओळख नंबरांनीच : सोळा नंबर, बावीस नंबर. या नंबरांवरच्या कारखान्यांत आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जण हेल्पर, फिटर, पॅकर म्हणून राबले. पुढे त्यातले बरेच कारखाने बंद पडले, काही बाहेर गेले. त्यांच्या जागी आयटी पार्क आले, बँकांची ऑफिसे आली, पासपोर्टचे केंद्र आले, दवाखाने आणि क्लासेस आले. पत्र्याच्या जागी काच आली. पत्रा कुणी पुसत नव्हते. काच मात्र आठवड्याला पुसावी लागते. एवढ्या एका फरकात आपल्या मुलांसाठी धंदा उभा राहू शकतो.

यावर काही जण नाक मुरडतात. शिकलीसवरलेली पोरे पुन्हा फडके हातात घेणार का, असा त्यांचा सवाल असतो. सवाल खोटा नाही. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या सफाईच मारली गेली त्यांना तो पडणारच. पण ठेकेदाराचे फडके घेऊन त्याने ठरवलेल्या रोजावर जाणे वेगळे आणि आपली शिडी, आपली बादली, आपले बिलबुक घेऊन आपण ठरवलेल्या दराने जाणे वेगळे. साधन ज्याचे, दर त्याचा. शिवाय काचेचे काम हे कारागिरीचे काम आहे. बोअरच्या पाण्याने पडलेले क्षाराचे पांढरे डाग काचेवर ओरखडा न उठवता काढणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. आज बाजारात मिळणारा पितळी पकडीचा रबरी वायपर ज्या धर्तीचा आहे, त्याचे पेटंट एत्तोरे स्टेकोने नावाच्या एका इटालियन स्थलांतरिताने अमेरिकेत १९३६ मध्ये घेतले. तोही मुळात काचा पुसणाराच.

आधी टेप, मग दुकान

किसननगरच्या भावांनी वीस फुटी सरकती शिडी जवळजवळ ठरवूनच टाकली होती. “काका, धंदा करायचा तर मोठीच पाहिजे ना? छोटी घेतली तर गिऱ्हाईक हसेल,” असे धाकट्याचे म्हणणे. आम्ही म्हटले, आधी टेप घ्या आणि जिथे जिथे काम मिळण्यासारखे आहे तिथली काच मोजून या. चार दिवसांनी दोघे वही घेऊन आले. दोन दवाखाने, एक मोबाइलचे दुकान, एक क्लास, एक झेरॉक्सवाला, एका बँकेचा तळमजला. बहुतेक काचा जमिनीपासून सात ते दहा फुटांत संपत होत्या. दोन ठिकाणी दारावरची काच बारा फुटांपर्यंत जात होती. पहिल्या मजल्याची बाहेरची काच असलेले गिऱ्हाईक एकच निघाले.

आता हिशेब करू. साडेपाच फुटांच्या आत-बाहेरच्या उंचीचा माणूस हात वर केला तर साधारण पावणेसात फुटांपर्यंत पोचतो. हातात चार फुटांची हलकी काठी घेऊन तिच्या टोकाला वायपर बसवला की जमिनीवर उभे राहूनच दहा फुटांची काच निघते. म्हणजे वहीतल्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे शिडी लागतच नाही! राहिली दारावरची बारा फुटी काच. त्यासाठी सहा फुटी घडीची शिडी पुरे. तिच्या वरच्या दोन पायऱ्या सोडून, म्हणजे जमिनीपासून चार फुटांवर उभे राहायचे. हात पावणेअकरा फुटांपर्यंत जातो आणि वायपरची दोन फुटांची मूठ उरलेले काम करते. वीस फुटी शिडी केवळ एका गिऱ्हाइकासाठी घेतली जात होती.

दुकानात एक फसगत हमखास होते. शिडीवर ‘सहा फूट’ लिहिलेले असले म्हणजे आपण सहा फुटांवर उभे राहणार, असे गिऱ्हाइकाला वाटते. शिडीची उंची आणि उभे राहण्याची उंची यात घडीच्या शिडीत दोन फुटांचा तरी फरक धरावाच लागतो. टोकावर उभे राहिले की हाताला धरायला काही उरत नाही. भिंतीला टेकवायच्या शिडीत तर वरच्या तीन पायऱ्या पायासाठी नाहीत, हातासाठी आहेत असे समजावे.

काठीला कमी लेखू नये. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नवे नियम आले. त्यांची पहिलीच पायरी अशी की उंचीवर चढणे टाळता येत असेल तर ते टाळावे. तिथले अनेक काचवाले आता जमिनीवर उभे राहून लांब पोकळ काठीतून पाणी वर पाठवतात आणि टोकाच्या ब्रशने काच धुतात. तेवढे महाग साहित्य आपल्याला लगेच परवडणार नाही, पण तत्त्व तेच आहे. ज्याच्याकडे दोन चांगल्या काठ्या आहेत त्याला शिडी कमी लागते.

खोलीत मावेल, गल्लीतून वळेल

दुकानदार शिडीची उंची सांगतो, घडीची लांबी आपण विचारावी लागते. आपली घरे दहा बाय बाराची. त्यात माणसे पाच, कपाट, पलंग, शिलाई मशीन. सोळा फुटी बांबूची शिडी ठेवणार कुठे? चाळीच्या सामाईक पॅसेजमध्ये ठेवली तर शेजारी भांडतात, आणि त्यांचे बरोबरच असते. रात्री आग लागली, कुणाला उचलून दवाखान्यात न्यायचे झाले तर तीच शिडी आडवी येते. शिवाय ती कामावर न्यायची कशी, हा आणखी एक प्रश्न. रिक्षावाला घेत नाही, लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत तिच्यासह चढणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. स्कूटरवर आडवी धरून नेणारी पोरे आम्ही तीन हात नाक्याच्या सिग्नलला पाहिली आहेत. मागच्या माणसाच्या डोळ्यात टोक गेले तर धंदा त्याच दिवशी संपला.

बांबूची शिडी स्वस्त. रंगारी आणि मंडपवाले तिच्यावर पिढ्या काढून बसले आहेत. आमच्या आजीच्या तोंडी शिडीला ‘निसण’ हाच शब्द असे आणि तिची निसण बांबूचीच होती. पण पावसाळ्यात काथ्या सैल पडतो, बांबूला आतून कीड लागते आणि बाहेरून ती दिसत नाही. लाकडी शिडी कुणी झोकात रंगवून विकायला ठेवली असेल तर ती घेऊच नये. रंगाखाली चीर लपते.

लोखंडी शिडी मजबूत खरी, पण लोखंड अॅल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट जड. दिवसातून आठ ठिकाणी शिडी उचलून न्यायची असेल तर संध्याकाळी खांदा बोलतो. म्हणून फिरत्या धंद्याला अॅल्युमिनियम बरे. त्यातही प्रकार आहेत. घडीची शिडी, जिला रंगारी ‘घोडा’ म्हणतात, ती स्वतःच्या पायावर उभी राहते, तिला भिंत लागत नाही. काचवाल्याला हीच जास्त सोयीची, कारण काचेला शिडी टेकवता येत नाही. सरकती शिडी टेकवावीच लागते. तिच्या वरच्या टोकाला आडवा दांडा लावून तो काचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकेल अशी सोय केली तरच ती काचेच्या कामाला चालते.

चार तुकड्यांची, बिजागऱ्यांची शिडी आम्हाला आवडली. तिची घडी चार फुटांच्या आसपास होते, पलंगाखाली जाते, आणि उलगडली की पंधरा फुटांच्या घरात पोचते. हवी तेव्हा घोडा, हवी तेव्हा सरळ. पण तिला सहा बिजागऱ्या असतात आणि प्रत्येकीला खिट्टी असते. एक खिट्टी अर्धवट बसली तरी शिडी मध्येच मोडते. पोरगा घाईचा असेल तर त्याच्या हाती ही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजनही साध्या घोड्यापेक्षा जास्त. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी शिडी दिसायला फार सुबक, पिशवीत मावणारी. मात्र नळ्यांत धूळ आणि साबणाचे पाणी जाऊन ती अडकते, मिटताना बोटे चिमटतात. काचवाल्याचे काम पाण्याचे आणि धुळीचे. तिथे ती फार दिवस नीट राहील असे आम्हाला वाटले नाही.

किसननगरच्या भावांनी शेवटी सहा फुटी घोडा आणि दोन काठ्या घेतल्या. पहिल्या मजल्याच्या गिऱ्हाइकासाठी लागेल तेव्हा शिडी भाड्याने आणतात.

पायरी, बूट आणि वजन

घोडा निवडताना पायरीवर हात फिरवून पाहावा. गोल दांडा घेऊ नये. दवाखान्यातल्या माणसाला दिवा बदलायला दोन मिनिटे चढायचे असते, आपल्या मुलाला तिथे दिवसाचे दोन-तीन तास काढायचे असतात. गोल दांड्यावर तळवा सुजतो, मग माणूस पाय बदलतो आणि तोल जातो. तीन बोटे रुंद तरी सपाट पायरी हवी आणि तिच्यावर खाचा हव्यात, कारण साबणाचे पाणी ठिबकणारच. याच कारणासाठी स्लीपर घालून चढू नये. पायात रबरी तळव्याचा बूट हवा.

शिडीच्या चारही पायांना रबरी बूट आहेत का ते पाहावे आणि ते वेगळे विकत मिळतात का हेही दुकानदाराला विचारावे. बूट झिजतात. झिजलेल्या बुटाची शिडी मार्बलवर किंवा ग्रॅनाइटवर बर्फावर ठेवल्यासारखी सरकते, आणि आयटी पार्कांच्या लॉबीत सगळीकडे ग्रॅनाइटच.

वजनाची मर्यादा शिडीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असते. पट्टी नसेल तर ती शिडी धंद्यासाठी नाही. आपला मुलगा पासष्ट किलोचा असेल, पण दहा लिटरची बादली वर घेतली की दहा किलो वाढतात. अवजारे, पट्टा, ओले कपडे मिळून ऐंशीच्या पुढे आकडा जातो. शंभर किलोच्या शिडीवर हे कसेबसे बसते. युरोपच्या ईएन १३१ या मानकात १५० किलोचा भार धरलेला आहे. तेवढा लिहिलेली शिडी मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत. आपल्याकडेही भारतीय मानकांत शिड्यांच्या सुरक्षेचे नियम आहेत; आयएस ३६९६ चा दुसरा भाग खास शिड्यांवर आहे. दुकानदाराला हा नंबर विचारला की निदान समोरचा माणूस चौकशी करून आला आहे, एवढे तरी त्याला कळते.

दुकानातच शिडी उघडावी, दोन पायऱ्या चढावे आणि कमरेतून हलून पाहावे. करकर आवाज आला, बिजागरी डुलली, रिव्हिट बोटाने हलला, तर पुढचे दुकान. लाजू नये. साडी घेताना आपण दहा साड्या उलगडून पाहतो ना?

टेकवायच्या शिडीचे गणित वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ हवे. उंचीच्या चौथ्या भागाइतका पाय भिंतीपासून लांब. बारा फुटांवर टोक टेकले तर पाय भिंतीपासून तीन फूट, सोळा फुटांवर टेकले तर चार फूट. यापेक्षा उभी ठेवली तर माणूस मागे कोसळतो, जास्त तिरपी ठेवली तर पाय सरकतात. सरकत्या शिडीचे दोन भाग निदान तीन फूट एकमेकांवर राहिले पाहिजेत. म्हणजे दहा-दहा फुटांच्या दोन भागांची शिडी वीस फुटांची नव्हे, सतराची. घोडा मात्र काचेकडे तोंड करून लावावा. आडवा लावून बाजूला झुकून पुसले की हाताचा जोर शिडीला कुशीवर पाडतो. आपली बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की खाली उतरून शिडी सरकवायची, हा साधा नियम. त्यात दोन मिनिटे जातात. दहा फुटांवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात, ताशी सत्तावीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. धावत्या स्कूटरवरून फेकले जाण्यासारखेच ते.

आणि तार! आपल्या वस्त्यांत डोक्यावर विजेच्या, केबलच्या, कुणी रातोरात ओढलेल्या अशा किती तारा असतात याची मोजदाद नाही. अॅल्युमिनियम वीज सरळ अंगात उतरवते, आणि काचवाल्याचे हात, कपडे, जमीन सगळेच ओले. शिडी उचलताना उभी धरून चालू नये, आडवी धरून चालावे. उभी करण्याआधी वर पाहावे. शिडी कोसळली तरी तारेला लागणार नाही एवढे अंतर असेल तरच तिथे ती लावावी. तारांच्या जवळपास नेहमी काम असेल तर फायबरची शिडी घ्यावी. ती वीज वाहून नेत नाही, पण महाग आहे, अॅल्युमिनियमपेक्षा जड आहे, आणि ती ओली किंवा चिखलाने माखलेली असेल तर तिचाही भरवसा धरू नये. वर्षानुवर्षे उन्हात ठेवली की तिचे धागे सुटतात.

सव्वासहा रुपयांचा हिशेब

बचत गटाच्या बैठकीत एका बाईंनी रोखठोक विचारले, “सर, स्वस्त शिडी तीन हजाराला आणि चांगली सहा हजाराला पडत असेल, तर गरिबाने कोणती घ्यायची?” हा प्रश्न आमच्या आवडीचा. बी.कॉम.ला घसारा नावाचा भाग असतो. तो परीक्षेपुरता नसतो.

समजा, सहा हजारांची शिडी चार वर्षे टिकली. वर्षाला दीड हजार, महिन्याला सव्वाशे. महिन्यात वीस दिवस काम धरले तर दिवसाला सव्वासहा रुपये. तीन हजारांची शिडी एका वर्षात डुलू लागली आणि टाकून द्यावी लागली, तर महिन्याला अडीचशे, दिवसाला साडेबारा रुपये. स्वस्त शिडी दुप्पट महाग पडली. बाईंनी वहीत आकडे लिहून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे रोज एक कटिंग चहा कमी.” हिशेब त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळला. त्याच बैठकीत असे ठरले की शिडी गटाच्या नावावर घ्यायची, मुलांनी कामाच्या दिवशी तिचे दहा रुपये गटाच्या डब्यात टाकायचे, आणि चार वर्षांनी त्याच पैशातून नवी घ्यायची.

शिडीसाठी रोजच्या व्याजाने पैसे देणाऱ्याकडे जाऊ नये. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. शिडी, काठ्या, वायपर, जुनी स्कूटर हे सगळे त्यात बसते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनांचीही चौकशी करावी. दोन्हीकडे कोटेशन मागतात, म्हणून दुकानातून पक्के बिलच घ्यावे. उद्यम नोंदणी इंटरनेटवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

खिडकीतल्या ताई

इथवर लिहिले ते धंदा करणाऱ्या मुलांसाठी. आता लिहितो ते त्यांच्या आया-बहिणींसाठी, आणि या लेखात आम्हाला हेच सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

आपल्या वस्तीतल्या कितीतरी ताई पोखरण रोडच्या, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरकामाला जातात. दिवाळी जवळ आली की मालकीण म्हणते, “ताई, काचा जरा बाहेरूनही पुसून घ्या.” ताई स्टूल खिडकीशी ओढते, कट्ट्यावर चढते, एका हाताने सरकत्या खिडकीची चौकट धरते आणि दुसऱ्या हाताने बाहेरची काच पुसते. मजला सातवा, अकरावा, काय वाट्टेल तो. स्टूल फक्त दीड फुटाचे आहे, म्हणून तिला भीती वाटत नाही. मालकिणीलाही वाटत नाही. पण उंची स्टुलाची मोजायची नसते. आपण जिथे पडणार तिथपासून मोजायची असते. दीड फुटी स्टूल सातव्या मजल्याच्या उघड्या खिडकीशी ठेवले की ती सत्तर-पंचाहत्तर फुटांची शिडी होते, आणि तिला ना बूट, ना खिट्टी, ना धरायला दांडा. सरकत्या खिडकीची चौकट धरण्यासाठी बनवलेली नाही. ती रुळावरून सरकावी म्हणूनच बनवलेली आहे.

अशा कामाला स्पष्ट नाही म्हणावे. ‘काम जाईल’ ही भीती आम्ही जाणतो. म्हणून नाही म्हणताना दुसरा मार्गही सांगावा. वाकड्या मानेचा वायपर मिळतो, तो पाय जमिनीवर ठेवून आतून बाहेर घालता येतो. काचेच्या दोन्ही बाजूंना चुंबकाने चिकटणारे पुसणेही मिळते. मात्र ते आपल्या काचेच्या जाडीचे असावे आणि बाहेरच्या तुकड्याला दोरी बांधलेली असावी. दोन्ही वस्तू मालकिणीने आणून द्यायच्या, ताईने नव्हे. जी काच आतून पोचत नाही ती पुसायची नाही. ती सोसायटीने पाळणा आणि पट्टे असलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांकडून पुसून घ्यावी.

मुलांनाही हेच लागू. पहिल्या मजल्याच्या वरची बाहेरची काच हे शिडीचे काम नाही. आयटी पार्कच्या आठव्या मजल्याचे काम कुणी “शिडी आहे ना तुझ्याकडे, गच्चीवरून जमव काहीतरी” असे म्हणत देऊ लागले, तर ते गिऱ्हाईक सोडून द्यावे. दोरावरून उतरून काम करणे ही वेगळी विद्या आहे. तिला दोन स्वतंत्र दोर, पूर्ण अंगाचा पट्टा आणि शिक्षण लागते. कमरेला बांधलेला एक सुतळीचा दोर म्हणजे सुरक्षा नव्हे.

अपघात झाला तर पुढे काय, हे आधीच घरात बोलून ठेवावे. आपले वडील कारखान्यात होते तेव्हा पगारातून कपात होऊन ईएसआयचे कार्ड मिळे आणि हात-पाय मोडला तर वागळे इस्टेटचे कामगार हॉस्पिटल होते. त्या योजनेची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असतानाची. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम सोपवले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा कायदा झाला. मात्र दोन भाऊ मिळून धंदा करतात तेव्हा हे कार्ड आपोआप मिळत नाही. दहा माणसे कामाला असलेल्या आस्थापनेपासून ती योजना लागू होते. म्हणून निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म बँकेत भरून ठेवावा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाखांचे संरक्षण आहे. खात्यात मे महिन्याच्या शेवटी तेवढी शिल्लक असली पाहिजे, नाहीतर विमा तुटतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. २ लाखांनी माणूस भरून येत नाही, हे काही आम्ही सांगायला नको. पण २० रुपयांसाठी तेही हातचे जाऊ देऊ नये.

शिडीची देखभाल फारशी नाही. रात्री साबणाचे पाणी पुसावे, आठवड्याला रिव्हिट आणि खिट्ट्या बोटाने तपासाव्यात, बूट झिजले की बदलावेत. वाकलेला दांडा हातोडीने सरळ करून पुन्हा वापरू नये. वाकला तिथे अॅल्युमिनियम कमजोर झालेले असते. अशी शिडी भंगारात द्यायची, पण देण्याआधी करवतीने तिचे दोन तुकडे करावेत. अख्खी दिली तर भंगारवाला ती पुसून-रंगवून ठेवतो आणि पुढच्या गल्लीतला एखादा मुलगा निम्म्या किमतीत घेऊन जातो.